पुढची सतरा पानं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई एका कारखान्यात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी अख्खी इमारत त्यांना ऑपरेटरबाईच म्हणते. जिन्यात कुणी हाक मारली, की हातातली पिशवी खाली ठेवून "बोला" म्हणून उभ्या राहतात. विचारणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, हे त्यांच्या अंगातच भिनलेलं. घंटा वाजतेय आणि आपण उचललं नाही, असं आयुष्यात एकदाच झालं, असं त्या सांगत. तो फोन लेकीचा होता.

लेक भांडून दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. तीन वर्षं मायलेकी बोलल्या नाहीत. मग ती आजारी पडून घरी आली, दोन महिने राहिली आणि त्यातच गेली. त्या दोन महिन्यांत ती घरातल्याच कॉम्प्युटरवर आपली मेल बघायची, ती तशीच उघडी राहिली. पुढे कधीतरी धूळ पुसताना बाईंचा हात माउसला लागला आणि न पाठवलेल्या पत्रांचा कप्पा समोर आला. त्रेचाळीस पत्रं. प्रत्येकाची सुरुवात एकच, 'आई'. सगळी त्या अबोल्याच्या तीन वर्षांतली.

दुसऱ्या कुणी एका बैठकीत वाचून काढली असती. बाई दर रविवारी एकच वाचत, अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून. "पुरवून पुरवून वाचते गं," मला म्हणाल्या होत्या. "संपली की संपलीच की."

सव्वीस वाचून झाली होती, तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं. "जरा येतेस? कॉम्प्युटर माझ्यावर ओरडतोय."

पडद्याच्या कोपऱ्यात एकामागून एक चौकोन उगवत होते. पाच व्हायरस सापडले, ताबडतोब इथे दाबा. काही शोधायला जावं तर भलतंच पान उघडे. आणि लेकीच्या मेलच्या जागी नुसतं पांढरं पान, त्यावर एकच ओळ, की हे पान पुन्हापुन्हा दुसरीकडे पाठवलं जात आहे.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आला. चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं ब्राउझरची सेटिंग उघडली आणि मान हलवली.

"काकू, एकसष्ट साइटना परवानगी दिलीत तुम्ही?"

"विचारत होत्या ना त्या. सूचना पाठवू का म्हणून."

"अहो, नाही म्हणायचं."

"एकतीस वर्षांत नाही जमलं, आता कुठून जमणार?"

तो हसला. "अख्खं इंटरनेट जोडून दिलंत घरात." मग एकेक परवानगी त्यानं बंद केली. कुठून तरी येऊन बसलेली, शोध भलतीकडे वळवणारी एक जोडणी काढून टाकली. पाऊण तास कॉम्प्युटर तपासायला लावला. बाकी काही निघालं नाही. चौकोन थांबले. मेल मात्र उघडेना.

"साठलेल्या कुकीज पुसल्या की उघडेल. फक्त पासवर्ड परत टाकावा लागेल. लक्षात आहे ना?"

"आहे की." बाईंनी डायरीतलं पान उघडून पुढे धरलं.

पासवर्ड होता, पण त्यांच्या स्वतःच्या मेलचा. लेकीची मेल त्यांना उघडीच सापडलेली, तिला वेगळी किल्ली लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला कळायला हवं होतं. मी चहा गाळत होते. त्यानं बटण दाबलं.

पान उघडलं. स्वच्छ, नवंकोरं. लेकीचा पासवर्ड मागत होतं.

दुरुस्तीवाल्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं माहीत होते ते सगळे उपाय केले. शेवटी एकच वाट उरली: लेकीच्या जुन्या नंबरवर सहा आकडी कोड जाणार. तो नंबर कंपनीनं केव्हाच दुसऱ्या कुणाला दिलेला. कोड पाठवला आणि बाईंनी स्वतः फोन लावला. नंबर बघावा लागला नाही. आवाज एकदम कारखान्यातला झाला.

"नमस्कार. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. ते कृपया सांगता का?"

"कोण बोलतंय?" कुणी तरुण बाई होती.

"हा नंबर आधी माझ्या मुलीचा होता. ती आता नाही."

मग ती म्हणाली, "मावशी, असंच काहीतरी सांगून माझ्या वडिलांना फसवलंय लोकांनी. माफ करा." आणि फोन ठेवला.

"मी लावतो, नीट समजावतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

"नको." बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "बरोबर केलं पोरीनं. तिला नाही म्हणता येतं."

नंतर दोनदा त्यांनी मेलच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तेही यंत्राचं.

आता रविवारी सकाळी मी वही घेऊन वर जाते. वाचलेली पत्रं बाई आठवून सांगतात, मी लिहून घेते. फोनवरचे निरोप घेण्याची सवय ना, शब्द न् शब्द पाठ. परवा सव्विसावं झालं. त्यात विशेष काही नव्हतं. 'आई, खोलीला पिवळे पडदे घेतले. तुला मुळीच आवडणार नाहीत.'

मी वही मिटू लागले.

"थांब," बाई म्हणाल्या. "पुढची सतरा पानं कोरी सोड. त्यांवर आकडे तेवढे घालून ठेव."

मी घातले. सत्तावीसपासून त्रेचाळीसपर्यंत.