तोंड बघून दिलेले चौदा

"घरी मोहाची काढतात ना? मग डिस्टिलेशन तर तुला झोपेतही यायला पाहिजे."

बाहेरून आलेले परीक्षक सर हे बोलले आणि अख्खी लॅब हसली. आमचे रसायनशास्त्राचे सरही हसले. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तोंडी प्रश्नांसाठी मी टेबलापुढे उभी होते. परीक्षकांनी आधी माझं आडनाव वाचलं, मग गाव विचारलं. मी तोरणमाळच्या घाटातल्या गावाचं नाव सांगितलं. त्यानंतर हा प्रश्न.

माझे वडील दारूला शिवत नाहीत. पण ते मी बोलले नाही. बोलले असते तरी काय, न पिणारा बाप दाखवून मी माणूस ठरणार होते का? मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेची लाज मला आजही वाटते.

मी पुन्हा माझ्या टेबलाशी गेले. टायट्रेशन बाकी होतं. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी शाळेत शिकले, रसायन तर इंग्रजीतच पाठ केलं. पण थेंब थेंब सोडायची ब्युरेट हाताला कळते, तिला भाषा लागत नाही. तीनही रीडिंग सारखी आली. शेजारी बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराची मुलगी होती, माझी मैत्रीण. तिचं चुकत होतं. तिनं माझी रीडिंग उतरवली. मी उतरवू दिली.

सही करायला परीक्षकांच्या टेबलाशी गेले तेव्हा दोन्ही सर चहाला बाहेर गेले होते. यादी उघडीच पडली होती. नावापुढे पेन्सिलनं मार्क. माझ्यापुढे तीसपैकी चौदा. मैत्रिणीपुढे एकोणतीस. माझा पेपर अजून माझ्याच हातात होता.

मी यादी वरून खाली वाचली. पावरा, तेरा. वसावे, चौदा. तडवी, पंधरा. डोंगरातले आम्ही आठ जण. आठांतला एकही सोळाच्या वर नाही.

लॅबमधले शिपाईकाका मागे उभे होते. हळूच म्हणाले, "पोर, सही कर अनी निंघी जाय. आठे असंच चालस."

इथे असंच चालतं, तर मी सही केली. निघाले.

बाहेर मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलले तर माझेपण जातील." तिचा राग नाही आला. तिच्याकडे जाण्यासारखं काहीतरी होतं.

निकाल लागला. रसायनात लेखीला सत्तरपैकी एकसष्ट, प्रॅक्टिकलला चौदा. मी लेखी पेपरची छायाप्रत मागवली. घरात सगळे म्हणाले, चांगले तर आहेत, कशाला? मला बघायचं होतं. पानापानावर तपासणीच्या खुणा. कुठे अर्धा मार्क कापला, कुठे पूर्ण दिला. कुठल्यातरी गावात कुणीतरी बसून माझी एकेक ओळ वाचली होती. त्याला माझं नाव माहीत नव्हतं. नंबरावर स्टिकर होता. गाव नाही, आडनाव नाही, तोंड नाही.

ती पानं हातात धरून मी बसून राहिले. मग कळलं. तोवर मला वाटत होतं, माझ्यातच काही कमी असेल. मी दिसत नव्हते तिथे एकसष्ट. दिसले तिथे चौदा.

त्याच आठवड्यात मी प्रॅक्टिकलच्या मार्कांबद्दल बोर्डाला अर्ज लिहिला. आठही जणांच्या सह्या घेतल्या. उत्तर आलं, प्रॅक्टिकलच्या गुणांची फेरतपासणी होत नाही. दुसरा अर्ज केला, माहितीच्या अधिकारात. आमच्या तीस मार्कांची फोड द्या. कोणत्या प्रयोगाला किती, तोंडीला किती, जर्नलला किती. कॉलेजातून फोन सुरू झाले. सहा जणांनी सह्या काढून घेतल्या. एकाच्या लहान भावाचं अकरावीचं ॲडमिशन व्हायचं होतं. त्यांना दोष देत नाही.

प्राचार्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्या खोलीत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. म्हणाले, "तू हुशार आहेस. पास झालीस, बीएस्सीला लागलीस. आता समजून घे आणि अर्ज मागे घे."

मी उभीच राहिले. मान वर ठेवून म्हणाले, "सर, समजलंय. म्हणूनच अर्ज केलाय."

फोड मिळाली नाही म्हणून मी अपील केलं, त्याच्या सुनावणीची तारीख दोनदा पुढे ढकलली आहे. अर्जावर आता दोनच सह्या आहेत. दुसरी सही गेली तरी माझी राहील. मार्क वाढवून मागत नाही मी. मला हिशेब लेखी हवा आहे, मार्क देणाऱ्याच्या नावासकट. तो मिळेपर्यंत प्रत्येक तारखेला मी जाणार.