पाकिटावरचं नाव

रहिमतपूरच्या मुलींच्या शाळेत मी व्याकरण शिकवायची, तेव्हा लढाई चालू होती. नदी ती, ओढा तो, शेत ते, असं पोरी ठेक्यात म्हणायच्या. बाईनं 'मी' म्हटलं तरी व्याकरणात तो प्रथम पुरुषच! याचं मला हसू यायचं, पण ते मी फळ्याकडं तोंड करून उरकून घ्यायची.

वर्गातल्या एका हुशार पोरीचा बाप फौजेत होता. त्याची पत्रं त्याच्या वडलांच्या नावे येत आणि वाचायला मला बोलावणं येई. बैल, पिकं, पाऊसपाणी आणि शेवटी 'घरातील सर्वांस यथायोग्य'. दाराआड उभी राहून ऐकणाऱ्या त्याच्या बायकोच्या वाट्याला त्या 'सर्वांस'मधलं जे काय येईल तेवढंच. उत्तर मीच लिहायची. त्यातही ती नसायची.

एकदा म्हाताऱ्यानं नातीला शाळेतनं काढून तिचं लग्न उरकायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी ती सून शाळेत माझ्यापुढं उभी.

"बाई, त्यास्नी येक पत्तर लिवा."

मी सवयीनं सुरुवात केली, 'घरातून असे म्हणणे आहे की...' तिनं ते वाचून दाखवायला लावलं.

"घरातनं न्हवं. मी सांगतो, आसं लिवा. पोरगी माजी हाय. तिला शिकू द्या."

ती माझ्यासारखीच सांगलीकडची. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. ट्रेनिंगमध्ये माझी ती सवय मोडली होती. तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं. एवढ्या ताठ मानेनं 'मी' म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि थोडा हेवाही.

महिना उलटला. लग्नाची बोलणी पक्की होत आली. एका दुपारी पोस्टमन एक पाकीट घेऊन शाळेत आला.

"आवं बाई, ह्या नावाची बाई गल्लीत कुणालाच ठावं न्हाई. परत धाडू?"

आडनाव निम्म्या गावाचं होतं. शिक्का फौजेचा, पण गावात घरटी एक शिपाई. "धाडा," मी खुशाल म्हणाले. तो फाटकापाशी पोचला आणि माझ्या ध्यानात आलं, पाकिटावरचं अक्षर मी वाचायची त्या पत्रांतलंच होतं. पदर खोचून धावले त्याच्यामागं.

ती अंगणात शेंगा फोडत होती. "तुमचं नाव काय हो?" मी विचारलं. वर्षभर तिच्या घरची पत्रं लिहिणारी मी हे पहिल्यांदाच विचारत होते. शरमेनं मेले अगदी. तिनं सांगितलं. तेच होतं.

"हितं नगं," ती म्हणाली, "मामंजींच्या म्होरं वाचा."

या खेपेला ती दाराआड गेली नाही. मी वाचलं : 'तुमचे पत्र पोचले. मुलीच्या शाळेचे तुम्ही म्हणाल तसेच होईल. वडिलांस हेच पत्र दाखवावे.'

म्हाताऱ्यानं पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "त्यो म्हणतोय तर ऱ्हाऊ दे. पावण्यास्नी न्हाई म्हणून कळवतो."

पाकीट माझ्यापुढं धरून तिनं विचारलं, "ह्यात माजं नाव कुठलं?" मी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं.

"लग्नात ठेवल्यालं. पुन्ना कुणी हाक मारली न्हाई," ती म्हणाली. "त्यास्नी ध्यानात हाय व्हय!"