पान पाच, खालचा कोपरा

देवाला रोज सकाळी पेपर वाचून दाखवणारं माणूस अख्ख्या मावळात एकच आहे, आणि ते नेमकं माझ्या भिंतीपलीकडे राहतं. आम्ही सगळे त्यांना नर्सबाई म्हणतो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण लोणावळ्यातल्या आमच्या आळीत त्यांचं दुसरं नाव कुणाला ठाऊकही नसेल. आमच्या दोन घरांत मिळून पेपर एकच. बाई पहाटे पाचला उठतात म्हणून पहिला हक्क त्यांचा. मला तो नऊ वाजता, मधल्या खिडकीतून, निळ्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला मिळतो. खूण केलेली बातमी म्हणजे देवाच्या कानावर घालून झालेली बातमी. भिंत पातळ, त्यामुळे ती माझ्याही कानावर पडतेच. "बापा, पान पाच, खालचा कोपरा. औंढ्याला गोठा जळाला, दोन म्हशी भाजल्या. माणसं वाचली, तुझे उपकार. पण म्हशींचंही बघ." मी एकदा न राहवून म्हणालो, "बाई, देवाला सगळं माहीत असतं ना? मग पान नंबरसकट सांगायचं काय कारण?" त्यावर म्हणाल्या, "त्याला माहीत असतं हो भाऊ. पण आपल्याला माहीत आहे, हे त्याला कळायला नको?" माझा उभा जन्म पोस्टात गेला, नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण देवाला अशी पोच देणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

पुढाऱ्यांसाठीही त्या प्रार्थना करतात. याचं मला फार नवल वाटायचं. कुठल्या पक्षाच्या पुढाऱ्यांसाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, "पक्षाचं नाव घेतच नाही मी. सकाळी प्रार्थना करावी आणि संध्याकाळी माणूस दुसऱ्याच पक्षात! चुकीच्या पत्त्यावर जायची ती." बरं, नुसती प्रार्थना करून स्वस्थ बसतील तर त्या नर्सबाई कसल्या? पेपरात बातमीची सुरुवात तेवढी छापतात, शेवट कुणी छापत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. म्हणून शेवट बघायला त्या स्वतः जातात. कार्ल्याला रस्त्याकडेच्या एका भजीवाल्याच्या टपरीत ट्रक घुसल्याची बातमी आली, तेव्हा बाई चौथ्या दिवशी एसटीने हजर. तर तो गडी नव्या पत्र्याखाली मजेत भजी तळत होता! "तुमच्यासाठी चार दिवस प्रार्थना चाललीय माझी," असं सांगितल्यावर त्याने पुडी बांधून दिली आणि बाईंना काही केल्या पैसे देऊ दिले नाहीत. घरी येऊन बाईंनी वहीतलं त्याचं नाव पट्टी धरून कापलं. त्यातली निम्मी भजी माझ्या वाट्याला आली.

ही वही म्हणजे त्यांचा दवाखाना. डाव्या बाजूला आजारी, अडलेली, हरवलेली, भांडलेली माणसं. काम झालं की नाव पट्टीने कापायचं. उजव्या बाजूला ओव्या. नोकरीत असताना लसीची पेटी खांद्याला लावून त्या पवन मावळात वाडीवाडीला पायी हिंडल्या. बाळंतपणासाठी थांबावं लागलं की जात्यावरच्या बायकांपाशी बसायच्या आणि कानावर पडेल ती ओवी लिहून घ्यायच्या. त्या बायांचे देव वेगळे आणि बाईंचा वेगळा, पण ओवीने दोघांनाही कधी आडकाठी केली नाही. आता बाई स्वतःच ओव्या रचतात, त्याही बातम्यांवर. सुट्टीचे दिवस आले आणि खंडाळ्यापासून गाड्या खोळंबल्या की भिंतीपलीकडून ऐकू येतं:

घाटात थांबल्या गाड्या, जनू मुंग्यांची लागं रांग
प्रभू येशू माज्या राजा, डायवरांना सबुरी सांग

त्यासाठी स्वयंपाकघरात एक लहानसं जातं आहे. खांद्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी दळायला बंदी केली आहे, तरी मूठभर नाचणी घेऊन बसतातच. "मिक्सरवर ओवी म्हणून पाहिली हो भाऊ. पण तो कुणाला बोलूच देत नाही," म्हणाल्या. हे मात्र मला पटलं.

आता एक कडू गोष्ट सांगतो. माझी बायको मालती आजारी पडली, तेव्हा वर्षभर त्या वहीत पहिलं नाव तिचं होतं. दोघींचं मेतकूट असं, की दिवाळीच्या करंज्या आमच्याकडे नर्सबाईंनी लाटायच्या आणि नाताळच्या त्यांच्याकडे मालतीने. मालती गेली. दिवसकार्य उरकल्यावर बाई खिडकीशी आल्या आणि सरळ म्हणाल्या, "भाऊ, आमच्या चर्चच्या मंडळीत गेलेल्या माणसासाठी प्रार्थना नसते. ती आता त्याच्यापाशीच आहे. मालतीचं नाव कापलं मी. त्या जागी तुमचं घातलंय." मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण राग आला, खूप आला. पट्टी धरून कापलं असेल का, हाच विचार डोक्यात. आठवडाभर मी चौकातून वेगळा पेपर आणला. पुढे राग निवला, पेपर पुन्हा एक झाला; पण तळाशी थोडा राहिलाच होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला पेपरात चार ओळींची निधनवार्ता आली. हौसाबाई, तिकोणा पेठ. बाईंच्या निम्म्या ओव्या ज्यांच्या तोंडून आलेल्या, त्याच या हौसाबाई. बाई दिवसभर जात्याजवळ बसून होत्या. संध्याकाळी वही काढली, वर्षानुवर्षं रोज घेतलेलं ते नाव शिस्तीत कापलं, आणि सुनेला सांत्वनाचं पत्र लिहिलं. ते पत्र मीच पेटीत टाकलं. त्याचं उत्तर काही आलं नाही.

त्याच मे महिन्यात मी आणि नर्सबाई बाजारात गेलो, तर एक बाई पाटी घेऊन करवंदं विकत होती. नर्सबाईंनी तिला ओळखलं. ती हौसाबाईंची सून. बाई गहिवरून सासूबद्दल बोलू लागल्या, तर सून म्हणाली, "अवं, त्या न्हाई गेल्या! खालच्या वाडीत त्यांच्याच नावाची दुसरी म्हातारी व्हती, ती गेली. तुमचं पत्र भी तिच्याच घरी गेलतं. आमच्या हायेत की. पन दोन म्हयन्यामागं पडल्या, मांडीचं हाड मोडलंय." नर्सबाई करवंदांच्या पाटीपासून माझ्याकडे वळल्या. "भाऊ," मला म्हणाल्या, "मी तिला प्रार्थनेतून काढलं, आणि ती पडली." मी पुष्कळ समजावलं. पण बाईंच्या मनाने घेतलं ते घेतलंच. जन्मभर कुणाच्या औषधाची वेळ चुकवली नव्हती त्यांनी. आणि इथे, त्यांच्या हिशेबी, एका जित्या माणसाला तीन महिने औषधच मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माफी मागायला जायचंय. एकटीने जायचा धीर नाही, तुम्ही चला."

पवनानगरपर्यंत एसटी आणि पुढे जीप करून आम्ही तिकोणा पेठेत पोचलो. हौसाबाई पडवीत बाजेवर होत्या. मूठभर देह, पण डोळे असे लख्ख! नर्सबाईंनी वही उघडून कापलेलं नाव समोर धरलं आणि लहान मुलीसारखं सगळं कबूल केलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि हसायलाच लागली.

"अगं बये, तुजा देव म्हंजी काय रेशनचं दुकान हाय व्हय? नाव कापलं की धान्य बंद? कुत्र्यामागं काठी घेऊन धावले, म्हून पडले मी. तुज्या वहीनं न्हाई मोडली माजी मांडी."

नर्सबाई रडता रडता हसल्या. मग म्हातारीने त्यांचा हात धरून, बाजेवर बोटांनी ताल धरत, चिरक्या आवाजात ओवी म्हटली. ही बाईंच्या वहीत नव्हती. असणार कशी? ती बाईंवरच रचलेली होती, आणि त्यांच्यासमोर कधी म्हटलीच नव्हती.

आली गं नरसबाई, वाट चिखलाची तुडवीत
माज्या लेकीच्या बाळाला, पयला सूर्व्या ती दावीत

"तू माजं नाव घ्यायचीस, मी तुजं घ्यायची," म्हातारी म्हणाली. आणि जरा थांबून, अगदी सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आनि मी खरंच मेले असते, तर माजं नाव घ्यायला तुजं तोंड झिजलं असतं का गं?"

नर्सबाईंनी वही मिटून घेतली. परतीच्या एसटीत ती त्यांच्या मांडीवर होती. मी धरणाचं पाणी बघत होतो. जो प्रश्न विचारायची माझी छाती झाली नव्हती, तो त्या म्हातारीने बाजेवर पडल्या पडल्या विचारला होता. लोणावळ्याच्या स्टँडवर उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "प्रार्थनेचा नियम आहे तो आहे, भाऊ. तो मोडायचा नाही मला." मी नेहमीसारखं "बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी पेपर आला नाही. सव्वानऊ झाले. मी चिडून खिडकीशी गेलो. पलीकडे पानं आणि कोपरे सांगणं केव्हाच आटोपलं होतं, आणि जातं फिरत होतं. प्रार्थनेचा नियम बाईंनी मोडला नव्हता. पण ओवीला कुणाचा नियम?

भिंतीला लागली भिंत, मधी खिडकीची गं वाट
मालतीच्या हातानं गं, भरे नाताळाचं ताट

मी खिडकीवर टकटक करायला उचललेला हात खाली घेतला. बाई ती ओवी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, खांदा दुखत असणार, तरी म्हणत होत्या. त्या दिवशी पेपर मला साडेदहाला मिळाला. तेव्हापासून तो रोजच उशिरा येतो, आणि मी एकदाही तक्रार केलेली नाही.