सशाचा हेवा

माझ्या घरात देव नेमकं कुणाचं ऐकतो, हा प्रश्न त्या काळात मला रोज पडत असे. आमचा एकुलता एक मुलगा दिनकर पलटणीत होता. दुसऱ्या महायुद्धात तो तिकडे इटलीत लढताना पडला. बातमी आली त्या संध्याकाळीही माझी पूजा चुकली नाही. अकरा माळा म्हणजे अकरा. मध्येच मोजणी चुकली तर मी पहिल्या मण्यापासून सुरुवात करी. पत्नीने मात्र देवघराकडे पाठ फिरवली. तिने वाती वळणं सोडलं, हात जोडणं सोडलं आणि माझ्याशी बोलणंही सोडलं. मला ताट वाढून ती उंबऱ्यावर जाऊन बसे.

आमचा मळा तासगावजवळ आहे. दिवाळीनंतर तिथून पूर्वेकडच्या धनगरांची मेंढरं जातात. त्यातली एक म्हातारी दाराशी थांबली. आधी कधी ती दिसली नव्हती, नंतरही दिसली नाही. पत्नीकडे पाहून तिने पदरातून सशाचं पिल्लू काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "आक्का, कुत्र्यांनी याची आय मारली. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. बिरोबा बगल म्होरचं," एवढं बोलून ती मेंढरांमागे गेली.

ज्या कापसाच्या वाती देवाला मिळत नव्हत्या, त्याच कापसाचा बोळा करून पत्नी सशाला दूध पाजू लागली. "पोट भरलं का रं? थंडी वाजती व्हय?" असं ती त्याच्याशी बोले. मी जेवलो की नाही, हे मात्र विचारत नसे. शेजारचे तात्या हसून म्हणाले, "गड्या, सशाचं नशीब लय थोर! त्याला वैनींची मांडी, आन तुला पडवी."

मला हसू आलं नाही. सशाचा हेवा तर होताच, पण त्याहून जास्त हेवा मला पत्नीचा वाटत होता. इतकी वर्षं सेवा मी केली आणि माझ्या छातीवरचा दगड तसूभर हलला नाही. जिने हात जोडणं सोडलं, तिच्या मांडीवर मात्र देवाने ऊब पाठवली. हा कुठला न्याय, असं मी देवाला रोज विचारी. उत्तर येत नसे, म्हणून माळ आणखी जोरात ओढी.

पुढे तिला हिवताप आला. तिला उठवेना. ससा पाटीत उपाशी पडून होता. मी जपाला बसलो होतो. खरं सांगायचं तर, मेला तर मरू दे, असंही मनात येऊन गेलं. पण तिची नजर सारखी त्या पाटीकडे जात होती. शेवटी अर्धी माळ पाटावर ठेवून मी उठलो. वाटीत शेळीचं दूध घेतलं, बोळा केला आणि तिच्या अंथरुणाशी बसलो. ससा तोंड फिरवू लागला.

"आवं, त्याचं तोंड केवडं, तुमचा बोळा केवडा!"

किती महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती.

"मग कसा करू?"

"बोटाला गुंडाळा. दिनूला पाजत व्हता तसा."

मी ते साफ विसरलो होतो. दिनूच्या जन्मानंतर ती अशीच तापाने पडली होती, आणि तेव्हा त्याला बोळ्याने दूध मीच पाजलं होतं. तिला मात्र सगळं आठवत होतं. ती हळूच म्हणाली, "तो गेल्यापास्नं तुमी त्याचं नाव न्हाई घेतलं. माळ तेवडी चुकली न्हाई. मला वाटलं, ह्या माणसाला काय वाटलंच न्हाई."

मी कापूस बोटाला गुंडाळला. ससा चोखू लागला. तो इवलासा जबडा, ती ओढ, ते गरम ओलं तोंड माझ्या बोटाला ओळखीचं होतं. "दिनू," मी म्हणालो आणि वाटी हातात तशीच धरून रडू लागलो. छातीवरचा दगड तेव्हा हलला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडा, पर दूध सांडू नका," ती म्हणाली, आणि तीही रडू लागली.

त्या दिवशीचा जप अपुरा राहिला. मी तो नंतर पुरा केला नाही. माळा मोजणारा मी. देवाने मोजलं नाही, होतं तेवढं घेतलं, असं मला वाटतं.

मोठा झाल्यावर ससा एक दिवस शाळू ज्वारीच्या रानात निघून गेला. अजूनही तिन्हीसांजेला पत्नी आधी त्या रानाकडे तोंड करून "आलास का रं?" म्हणते, आणि मग मला जेवायला हाक मारते. मनात जरा खुपतं. पण मीही त्याच रानाकडे वळून हात जोडतो आणि मगच पाटावर बसतो.