बाप्तिस्मा ज्याचा त्याने मागायचा

आज चर्चमध्ये उपासनेनंतर नव्या कुटुंबाला आमच्या अलिबागच्या बॅप्टिस्ट मंडळीची ओळख मी करून दिली. एक पाळक, त्यांना मदत करणारे दोन डीकन, पण निर्णय सगळ्या सभासदांच्या मताने. बायबलचं वचन सांगणं आणि आजाऱ्यांना भेटणं हे आम्हा सगळ्यांचं काम.

"तान्ह्या बाळांना आम्ही बाप्तिस्मा देत नाही. मोठं होऊन, विश्वास ठेवून ज्याचा त्याने मागायचा. मग समुद्रात पूर्ण बुडवून देतात."

कडेवरच्या बाळाची आई हसली. "हा आत्ताच माझं ऐकत नाही, मावशी. त्याने मागितलाच नाही तर?"

"थांबायचं."

माझा मुलगा चाळिशीचा झाला. त्याने अजून मागितलेला नाही. मुंबईहून फोनवर तो तब्येत विचारतो. मी बाप्तिस्म्याचं विचारत नाही. रविवारी बाकावर एकटी बसते.

तुम्ही विचारलं असतं का?