पंख्याला अडकलेली वायर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात दोघे भाऊ बसायचे. पुढे काउंटरवर धाकटा आणि पार्टिशनच्या मागे, टेबलावर मान मोडून, थोरला. थोरल्याला गिऱ्हाइकं ‘निवांत’ म्हणायची. कुणी घाई केली की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, “निवांत होईल, पण नीट होईल.” नावात टोमणा आहे हे त्याला कळायचं. तो हसण्यावारी न्यायचा.

दुकान खरं तर त्यानंच उभं केलेलं. वडील गेले तेव्हा त्यानं कॉलेज सोडलं, काम शिकला, मग धाकट्याला शिकवलं. धाकट्याची जीभ साखरेत घोळलेली, म्हणून त्याला पुढे बसवलं. काम मात्र त्याचं उरकाउरकीचं. “झाकण लावलं की आतलं कोण बघतंय?” असं तो वर तोंड करून म्हणायचा.

थोरल्याला नेमकं आतलंच दिसायचं. पाखरांचे आवाज टिपत फिरणारे एक काका होते. आयुष्यभराचे आवाज त्यांच्या तीन हार्ड डिस्कमध्ये भरलेले, आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेतलं होतं पुस्तकांच्या फळीत मावेल एवढं चिंचोळं. हात आत गेला तर बोटं वळायला जागा नाही. थोरल्यानं त्यावर अख्खा दिवस घालवला. डिस्कच्या वायरी कडेकडेनं नेल्या, पॉवरच्या वायरींच्या जास्तीच्या शेपट्या तळाशी दुमडून बांधल्या आणि पुढच्या पंख्यासमोर वाऱ्याला वाट मोकळी ठेवली. काका म्हणाले, “एवढा वेळ?” आणि निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात काका चौथी डिस्क घेऊन आले. त्या दिवशी थोरला आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. काकांनी मशीन काउंटरवर ठेवलं आणि संध्याकाळी येऊन घेऊन गेले. धाकट्यानं ते चुटकीसरशी उरकलं होतं. परत आल्यावर थोरल्याला त्यानं त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

महिनाभरानं काका मशीन छातीशी धरून दुकानात आले. दोन डिस्क उघडत नव्हत्या. थोरल्यानं झाकण काढलं आणि बघतच राहिला. त्यानं बांधलेल्या पट्ट्या कापलेल्या, वायरींचा बोळा करून पुढे कोंबलेला. त्यातली एक पंख्याच्या पात्यात अडकून पंखा ठप्प. आतल्या आत डिस्क भाजून निघाल्या होत्या.

“त्यातल्या एकीत पाणथळीवरच्या पाखरांचे आवाज होते,” काका म्हणाले. “पाणथळ बुजवली. आता तिथे इमारती आहेत. परत कुठून आणू?”

धाकटा हळहळून म्हणाला, “काय बोलायचं, काका! आतलं सगळं दादाच बघतो. हल्ली त्याची नजर कमी झालीय.”

थोरल्यानं मशीनवरून मान वर केली. “चौथी डिस्क मी बसवलेली नाही,” तो म्हणाला. “तुम्ही ती घेऊन आलात तेव्हा मी दुकानातच नव्हतो. यानं बसवलीय.”

काकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. धाकट्यानं मान खाली घातली होती, जणू भावाची लाज झाकतोय. “मोठे ना तुम्ही?” काका थोरल्याला म्हणाले. “स्वतःची चूक लहान भावाच्या गळ्यात मारता?”

थोरल्यानं मशीनचं झाकण परत बसवलं.

घरी आईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “खरं असेल रे तुझं. पण चारचौघांत त्याला उघडं पाडायची काय गरज होती? त्याला बायको-लेकरं आहेत. तुझं काय, तू एकटा जीव.”

घर सांभाळता सांभाळता तो एकटा का राहिला, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं ताटावरून उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून स्वतःची हत्यारं घेऊन आला आणि आपल्या खोलीतच काम मांडलं. धाकट्यानं थांबवलं नाही. पार्टिशन काढून त्यानं काउंटर लांब केला.

काही दिवसांनी भावजय एक मशीन घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली. “भाऊजी, एवढं बघता का? ह्यांना जमत नाहीये. पण कुणाला कळू देऊ नका म्हणालेत.” आत वायरींचं जंजाळ होतं. नाही म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण बोटं आधीच गुंता सोडवायला लागली. स्वतःचाच त्याला राग आला. मग मशीनं येतच राहिली.

एकदा त्यात तेच चिंचोळं कॅबिनेट आलं. त्यानं ओळखलं. पुन्हा पहिल्यापासून मांडलं, पंख्यासमोरची वाट मोकळी केली, सगळ्या वायरी बांधल्या. मशीन गेलं.

पुढच्या खेपेला भावजय हसत हसत आली. “ते पाखरंवाले काका काय खूश झाले म्हणून सांगू! ह्यांना म्हणाले, ‘आता कसं झक्क काम केलंस. भावाच्या तावडीतून दुकान सुटलं, बरं झालं.’”

तिला वाटलं, भाऊजींनाही गंमत वाटेल. त्यानं तिच्या हातातलं मशीन घेऊन टेबलावर ठेवलं.

“उद्या संध्याकाळी न्या,” तो म्हणाला.

त्यानंतरही तो काम करत राहिला. फक्त ती आली की पूर्वी तो खुर्ची पुढे करायचा, पाणी विचारायचा. आता दारातूनच मशीन घेतो आणि कडी लावून घेतो.