जळणाची वाटणी

...तर रंगुबाई चुलीपुढं बसलेल्या, आणि सांगलीहून आलेली ती प्रीती नावाची पोरगी त्यांच्या चुलीच्या अंगाला ताप मोजायची डबी बसवतेय, इथवर काल आलो होतो आपण. पण रंगुबाईंनी तिला काय विचारलं, ते सांगायचंच राहिलं. त्या म्हणाल्या, "चुलीला ताप आलाय व्हय गं पोरी? मग आज भाकरी नगं, पेजच शिजवते तिच्यावर."

पोरगी हसून हसून बेजार. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचं संशोधन चाललेलं. थोड्या जळणात जास्त आच आणि धूर कमी, अशी चूल तिनं बनवली होती. बाहेरून पत्रा, आतून माती, दिसायला ठेंगण्या घंगाळासारखी. ती खरोखरीच्या घरात कशी चालते, हे बघायला रहिमतपूरच्या आसपासची थोडी घरं तिनं निवडली. सकाळच्या गाडीनं यायची, काट्यावर जळण जोखायची, डबीतले आकडे घेऊन परत जायची.

रंगुबाईंच्या घरात माणसं दोनच. मालक फौजेतून पेन्शनीवर आले, ऊस लावला आणि काही वर्षांत गेले. लेक जयराजही फौजेत, तिकडं वर बर्फात. लग्न होऊन वरीस झालेलं, सून संयोगिता विट्याकडची. घरात गॅस होता, पण तो चहापुरता आणि दुधापुरता. भाकरी चुलीवर. गॅसवरची भाकरी खाल्ली की माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही, असा आपल्याकडचा कायदाच आहे.

पहिल्या दिवशी प्रीतीनं दोघींना समोर बसवून नीट समजावलं. "मावशी, तुम्ही तुमच्या जुन्या चुलीवर करायचं. ताईंनी नव्या चुलीवर. म्हणजे दोन्हींची तुलना होईल." मग तिनं जळणाचे दोन ढीग लावले. रंगुबाईंच्या ढिगाला लाल दोरी, संयोगिताच्या ढिगाला निळी. "आणि एकमेकींच्या जळणाला हात लावायचा नाही हं."

आता बघा. पोरगी शिकलेली, मनात पाप नाही, काम चोख. पण चूल वेगळी, जळण वेगळं, ह्याला आपल्याकडं काय म्हणतात? वाटणी! सातबारा फुटायच्या आधी घरात चूल फुटते.

रंगुबाई "बरं" म्हणाल्या. एवढंच. पण मन मागं गेलं. त्यांच्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा धाकटी जाऊ रुसून वेगळी निघाली होती. सासऱ्यांनी सोप्याच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडून दिले. त्या दिवशी सासूनं सवयीनं सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, आणि धाकट्याच्या वाटच्या भाकऱ्या दुरडीत तशाच वाळत राहिल्या. कुणी त्यांना हात लावला नाही, कुणी त्यांच्याबद्दल बोललं नाही. रंगुबाईंना ती दुरडी आठवली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा कोंडीबा दारात हजर. "वैनी, ऐकतोय ते खरं का?"

"काय ऐकताय?"

"दोन ठिकाणी चूल पेटती म्हनं. दोन ठिकाणनं धूर निघतोय."

"नव्या चुलीला धूर न्हाई, भावजी."

"आँ? धूरबी न्हाई? मग तर लयच येगळी झाली की!"

कोंडीबा सकाळी दूध घालायला डेअरीत जातो. त्याच्या पोटात दूध टिकेल एकवेळ, बातमी टिकायची नाही. सांजच्याला जयराजचा फोन. "आये, काय ऐकतोय मी? मी हिकडं पहारा द्यावा का तिकडं येऊन?"

"आरं, कालेजातली चूल हाय ती. परीक्षेला बसलीया," रंगुबाई हसून म्हणाल्या. फोन ठेवला, आणि फुकणी घेऊन चुलीकडं वळल्या.

त्यांना लोकांची भीती नव्हती. भीती होती ती सुनेला नव्या चुलीची गोडी लागायची. आणि गोडी तर लागलेली दिसत होती! एरवी पदरानं डोळे पुसत, खोकत भाकरी भाजणारी पोर नव्या चुलीपुढं गुणगुणत बसायची. उद्या तिला वेगळंच बरं वाटलं तर? विचारायचं कसं? काही प्रश्न असे असतात, की विचारले तर उत्तर खरंच मिळेल, याचंच भ्या वाटतं.

मग रंगुबाईंनी एक युक्ती काढली. सकाळी संयोगिता म्हशीकडं गेली, की आपल्या चुलीतला रसरशीत विस्तव चिमट्यानं उचलायचा आणि नव्या चुलीत सारायचा. चुली दोन असंनात, आग तरी एकच असू दे. सून येऊन बघते तर चूल पेटलेली.

"आत्याबाई, ही आपसूक कशी पेटती ओ?"

"नवी हाय न्हवं? हुशार असंल."

पंधरवड्यानं प्रीती आली. डबीतले आकडे लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि तिचं तोंडच उतरलं. जळण पुन्हा जोखलं, पुन्हा आकडे बघितले. कशाचाच कशाला मेळ नाही. "मावशी, हे आकडे दाखवले तर सर म्हणतील, हे घर अभ्यासातून काढून टाक. आधीच माझी घरं थोडी आहेत हो." बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते काही रंगुबाईंना बघवेना. "रडू नगंस, पोरी. चूक माझी हाय. रोज सकाळी नव्या चुलीत इस्तू मी घालते."

प्रीतीनं डोळे पुसले, पडद्याकडं बघितलं. "पण विस्तवानं एवढा फरक पडत नाही, मावशी. तुमची चूल रोज भर दुपारी तापते, ती कशानं?"

"दुपारी? दुपारी मी रानात असते."

दोघींनी एकदमच दाराकडं बघितलं. दारात संयोगिता, नजर जमिनीला.

"मी पेटवते," ती म्हणाली. "आत्याबाई रानात गेल्या की कालवण त्यांच्या चुलीवर टाकते. त्यांच्याच जळणावर. नव्या चुलीवर एकटीनं केलेलं कालवण मला पावण्याच्या घरचं असल्यावनी लागतंय."

"आगं, आणि धूर? तुझं डोळं?"

"डोळ्यांस्नी काय, जातं पानी. आवं, मला वाटलं तुमीच मला येगळं काढलं. ह्या ताईंनी सांगितलं तवा तुमी नुसतं 'बरं' म्हणाला. एक शबूद पुढं न्हाई."

रंगुबाई उठल्या. सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली. "आगं येडे, तुला कशाच्या जिवावर येगळं काढू? भाकरीचं काठ फाटत्यात अजून तुझं!"

संयोगिता रडता रडता हसली. प्रीतीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! म्हणजे मी तुमची वाटणीच करून गेले होते?"

"व्हय की. आन् तेबी तलाठ्याबिगर!"

"पण मावशी, गॅसची शेगडी आहेच की घरात. ती आली तेव्हा नाही झाली वाटणी?"

"गॅसला कोन चूल म्हनतंय? त्यो संपला की टेंपोत बसून गावाला जातोय. चूल कुटं जाती?"

प्रीतीनं तिथल्या तिथं लाल आणि निळी, दोन्ही दोऱ्या सोडल्या आणि ढीग एक केला. नवा बेत ठरला. काही दिवस दोघींनी मिळून जुन्या चुलीवर रांधायचं, काही दिवस मिळून नव्या चुलीवर. पीठ तेच, हात तेच, फरक फक्त चुलीचा. आता आकडे सरळ यायला लागले. नव्या चुलीच्या पाळीला जळण निम्म्याच्या आसपास लागायचं. भांड्यांची बुडं काळी होईनात. रंगुबाईंचा सकाळचा खोकला मागं पडला. सासू थापायची, सून भाजायची, आणि काठ कुणामुळं फाटला यावरून दोघींची रोज जुंपायची.

शेवटच्या दिवशी प्रीती पेन काढून बसली. "मावशी, एवढंच विचारायचं राहिलंय. आता पुढं कुठली चूल ठेवणार? दोन्हीही ठेवता येतात, बरीच घरं ठेवतात. तुम्ही म्हणाल ते जसंच्या तसं लिहिते."

रंगुबाईंनी पिठाचा हात परातीच्या काठाला पुसला, सुनेकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या,

"लिही. नवी ठेवनार. जळान कमी लागतंय आन् पोरीच्या डोळ्याला पानी येत न्हाई. पन एकच ठेवनार, बाई. दोन चुली दिसल्या की लोक घरं मोजाय लागत्यात."